शेवटचं कधी घेतलंस?

आमच्या रहाटणीत ‘येरवड्याला चाललोय’ म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग जरा जपून विचारतो, ‘म्हणजे नेमकं कुठे?’ मराठी माणसाच्या थट्टेत येरवडा म्हणजे वेड्यांचं इस्पितळ, वर्तमानपत्रात येरवडा म्हणजे जेल, आणि ज्यांच्या घरात दारू मुक्कामाला आली आहे त्यांच्यासाठी येरवडा म्हणजे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र. मला तिन्हीकडे जावं लागतं. सोसायटीत माझ्याविषयी काय बोललं जातं याची मी चौकशी करत नाही.

मी वकील आहे. पिंपरी न्यायालयात फौजदारी कामं बघतो, शिवाय विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवर आहे. म्हणजे ज्याला वकील परवडत नाही त्याच्या वाट्याला मी येतो. (माझ्या गाडीकडे पाहून कोण कुणाला परवडत नाही असा प्रश्न अशिलांना पडत असावा.) यांतले बरेच जण नशेपायी आत आलेले, किंवा आत येण्याआधीच नशेत अडकलेले. कारागृहातल्या व्यसनमुक्तीवर कुणी मला भाषणाला बोलावणार नाही, पण त्यांच्यामागे फिरताना जे कळत गेलं ते लिहून ठेवतो आहे. क्रम लागेल तसा.

१. पकडल्याची वेळ कागदावर असते, शेवटच्या घोटाची कुठेच नसते. अटक किती वाजून किती मिनिटांनी झाली यावर आम्ही वकील घसा सुकेपर्यंत भांडतो, कारण २४ तासांत आरोपीला न्यायालयापुढे उभं करावं लागतं. डॉक्टर अंगावरच्या जखमा पाहून कागद भरतात. ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ असं न्यायाधीश विचारतात, आरोपी मान हलवतो. हे सगळं हवंच, कोठडीतल्या मारहाणीला आळा बसावा म्हणून लोक वर्षानुवर्षं झगडले तेव्हा कुठे ते आलं. पण ‘रोज किती घेतोस आणि शेवटचं कधी घेतलंस?’ हा प्रश्न त्या सगळ्या साखळीत कुणी विचारल्याचं माझ्या फारसं पाहण्यात नाही.

चाकणकडच्या एका कारखान्यातला टर्नर होता. आयटीआय झालेला, मायक्रोमीटर हातात घेऊन काम करणारा माणूस. भांडणात शेजाऱ्याचं डोकं फोडलं म्हणून आत. पहिल्या दिवशी त्याने वकालतनाम्यावर अशी झोकदार सही केली की मला माझ्या सहीची लाज वाटली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एका अर्जावर सही घ्यायला गेलो तर पेन बोटांत ठरेना. कपाळावर घाम, आणि एक बाही तो सारखी झटकत होता. मुंग्या चढताहेत म्हणाला. मुंगी एकही नव्हती. शेजारी उभा असलेला शिपाई म्हणाला, ‘नाटक आहे साहेब, दोन दिवसांत सरळ होईल.’ शेवटी अंगठा घेतला आणि डॉक्टरांसाठी धावाधाव केली.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी हे होतं. थरथर, घाम, नसलेल्या गोष्टी दिसणं, झटके. डॉक्टर त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, तुटल्यावरची टर्की दिसायला जास्त भयंकर. अंग मोडून येतं, उलट्या, जुलाब, माणूस लोळतो. पण एरवी धडधाकट असलेला माणूस तीत सहसा जात नाही. दारू तुटताना जाऊ शकतो. मी तर कायम उलटंच समजत होतो, कारण दारू काय, आपल्याकडे लग्नाच्या वरातीतही असते. औषधं महाग नाहीत. क्लोरडायझेपॉक्साइडच्या गोळ्या, रोज थोड्या कमी करत नेलेल्या, आणि सोबत बी-१ जीवनसत्त्व. बी-१ आधी, ग्लुकोजचं सलाइन नंतर. नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होण्याची भीती असते, हे मला एका डॉक्टरांनी चहाच्या टपरीवर समजावलं.

आता वकालतनाम्याबरोबर मी तो प्रश्न स्वतःच विचारतो आणि उत्तर अर्जात घालून कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावं अशी विनंती करतो. अशील आधी दचकतात. एकाने तर आशेने विचारलं होतं, ‘का साहेब, आहे का काही?’

२. ‘आत गेला की आपोआप सुटते’ हा समज गुन्हेगारांच्या घरापेक्षा सज्जनांच्या घरी जास्त पक्का असतो. आमच्या सोसायटीच्या बाकावर तो दर रविवारी ठरावासारखा मंजूर होतो. पहिली अडचण अशी की भिंत उंच असली तरी फार उपयोगाची नसते. कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात भिंतीवरून गांजा फेकल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या आहेत. दुसरी अडचण जास्त अवघड आहे. आत काहीच मिळालं नाही तर माणूस खरंच सुधारल्यासारखा दिसतो. वेळेवर भात-भाजी, वेळेवर झोप, गाल भरतात. मुलाखतीला आलेली आई जाळीपलीकडून बघते आणि म्हणते, ‘बाळा, तब्येत छान झाली रे.’ डोक्यातली तलफ मात्र जिथल्या तिथे बसलेली असते, फक्त तिच्यापुढे दुकान नसतं. बंदी आणि उपचार या दोन गोष्टींची आपण इतकी गल्लत केली आहे की तुरुंगात व्यसनमुक्तीचा विभाग हवा म्हटलं की लोक विचारतात, ‘तुरुंग म्हणजे दुसरं काय आहे मग?’

३. कायद्यात दारं आहेत, पण ती चिंचोळी आहेत आणि त्यांवर पाटी नाही. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा, ज्याला आम्ही एनडीपीएस म्हणतो, तो कडक म्हणूनच प्रसिद्ध आहे. पण त्यातच कलम ६४-अ आहे. नशा केल्याच्या किंवा अल्प प्रमाणात माल सापडल्याच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला आणि त्याने ते घेतले, तर त्याच्यावरचा खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट काढून घेता येते. कलम ३९ नुसार दोषी ठरल्यावरही न्यायालय त्याला तुरुंगाऐवजी, त्याच्या संमतीने, उपचारासाठी बंधपत्रावर सोडू शकतं. विधी सेवेने २०१५ मध्ये व्यसनग्रस्तांसाठी एक आख्खी योजनाच आणली. तिची पुस्तिका माझ्या टेबलावर असते. तिच्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ उमटलं आहे, यावरून ती किती वापरात आहे ते समजून घ्या.

मी पहिल्यांदा ६४-अ चा अर्ज केला तेव्हा मला फार मोठा शोध लागल्यासारखं वाटत होतं. तोंडी युक्तिवादाची मी आरशासमोर तयारी केली होती. न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, ‘केंद्र कोणतं? मान्यता आहे का? खाट शिल्लक आहे का?’ माझ्याकडे निवाडे होते, खाट नव्हती.

आणि दारू तर या कायद्यातच नाही. शुद्धीत नसताना मारामारी, घरात तोडफोड, दुचाकीखाली कुणीतरी, अशा गुन्ह्यांत आलेल्या माणसासाठी ६४-अ सारखं काही नाही. गर्दवाल्याला चिंचोळं का होईना दार आहे, क्वार्टरवाल्याला भिंतच. एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला, त्यात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांत एकाला कधीतरी उपचार मिळाल्याचं म्हटलं आहे. ते ३८ बाहेरच्या जगातले.

४. कच्च्या कैद्याला कुठलाही अभ्यासक्रम पुरा करता येत नाही. देशातल्या तुरुंगांत चारातले तीन जण कच्चे, म्हणजे खटला चालू असलेले. मुक्तांगणचा उपचार ३५ दिवसांचा असतो. अनिल आणि डॉ. अनिता अवचटांनी १९८६ मध्ये, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने, मनोरुग्णालयाच्या आवारातच ते केंद्र सुरू केलं. सकाळी उठून व्यायाम, श्रमदान, गटात बोलणं, असा रोजचा नेम. हे ३५ दिवस ज्याच्या हातात आहेत त्याच्यासाठी ते उत्तम. माझ्या अशिलाला नवव्या दिवशी जामीन मिळेल की नवव्या महिन्यात, हे त्याला, मला आणि बहुधा न्यायालयालाही ठाऊक नसतं. म्हणून तुरुंगातला उपचार पहिल्याच दिवशी सुरू झाला पाहिजे, कधीही तुटला तरी बाहेर तिथूनच पुढे चालू झाला पाहिजे, आणि त्याचा कागद माणसाबरोबर गेटबाहेर पडला पाहिजे. आजवर गेटबाहेर पडणाऱ्याच्या हातात मी कपड्यांची पिशवी पाहिली आहे, औषधाची चिठ्ठी क्वचित.

बाहेरच्या दवाखान्यात नेऊन हे होत नाही. न्यायालयाचा आदेश असतो, डॉक्टरची तारीख असते, आणि त्या दिवशी पोलीस गार्ड नसतो. त्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये आमच्याच चाकणच्या मेफेड्रोन प्रकरणातला आरोपी ससून रुग्णालयाच्या कैदी वॉर्डातून पळाला. तेव्हापासून रुग्णालयात न्या म्हणणाऱ्या कैद्याकडे आणि त्याच्या वकिलाकडे लोक एकाच नजरेने बघतात. त्यांचं सगळंच चुकतं असंही म्हणवत नाही. मग औषधच बराकीपर्यंत गेलं पाहिजे. हे कुठल्या परदेशी स्वप्नातलं नाही. २००८ मध्ये तिहारमध्ये एम्सच्या मदतीने गर्दच्या व्यसनींना ब्युप्रेनॉर्फिनची गोळी आतच द्यायला सुरुवात झाली. ती जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत समोर कर्मचारी उभा. पंजाबने २०१७ पासून अशा गोळीचे दवाखाने काढले आणि पुढे तुरुंगांतही नेले. ‘एक नशा सोडवायला दुसरी देता का?’ असा प्रश्न यावर हमखास येतो. मीही विचारला होता, आणि मधुमेहाची गोळी गालात धरूनच विचारला होता, त्यामुळे समोरच्या डॉक्टरांना उत्तर द्यायचे कष्ट पडले नाहीत.

५. सुटकेचा दिवस सर्वांत धोक्याचा. हे मला सर्वांत उशिरा कळलं आणि सर्वांत जास्त टोचलं, कारण माझी सगळी कर्तबगारी त्याच दिवसापाशी संपते. जामिनाचा आदेश जेलच्या पेटीत वेळेत पडला तर संध्याकाळी सुटका. मला पेढा, अशिलाला हार. आमच्या भागात तर काही पोरांच्या सुटकेला गाड्यांचा ताफा येतो, मिरवणूक निघते, मग त्या मिरवणुकीचाही गुन्हा दाखल होतो आणि मला नवं काम मिळतं. ताफ्यातल्या दोस्तांनी ‘सोय’ केलेलीच असते.

धोका सरळ आहे. काही महिने गर्द किंवा तसलं काही न मिळाल्याने शरीराची सहन करायची ताकद उतरलेली असते, आणि हात मात्र जुन्याच मापाने घेतो. जुनं माप आता जीव घेतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये छापून आला. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा मृत्यूचा धोका इतर लोकांच्या साधारण बारा-तेरा पट होता, आणि नशेच्या अतिमात्रेने मरण्याचा १२९ पट. ऱ्होड आयलंड या छोट्या राज्याने २०१६ पासून सगळ्या तुरुंगांत गोळ्यांचा उपचार सुरू केला, सुटल्यावर तो बाहेर जोडून दिला, आणि नुकत्याच सुटलेल्यांचे अतिमात्रेने होणारे मृत्यू वर्षभरात ६१ टक्क्यांनी घटले. स्कॉटलंड २०११ पासून सुटणाऱ्या कैद्याच्या हातात नॅलोक्सोन देतं, श्वास थांबत आलेल्या माणसाला परत आणणारं औषध. आपल्याकडे ते दवाखान्याच्या कपाटात असतं. सुटणाऱ्या पोराला निदान तोंडी तरी कुणी सांगावं, की बाबा, पहिल्यासारखं घेऊ नकोस, मरशील. मी सांगतो. वकिलाने असं सांगणं शोभत नाही असं एका सहकाऱ्याचं मत आहे. ‘घेऊच नकोस’ म्हणावं, म्हणतो तो. तेही मी म्हणतो, पण तेवढंच म्हणून भागत नाही.

आणि सुटल्यावरचे ते धोक्याचे पंधरा दिवस करायचं काय? कारखान्याच्या गेटवर ठेकेदार चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतो. गुन्हा प्रलंबित असेल तर दाखल्यावर तो येतो. मग घरी बसायचं किंवा नाक्यावर. नाक्यावर कोण असतं ते सांगायला नको.

६. एमडीच्या पोरांपुढे माझं जुनं ज्ञान कामाला येत नाही. एमडी म्हणजे मेफेड्रोन, ते २०१५ मध्ये एनडीपीएसच्या यादीत आलं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीत त्याचा कारखानाच पकडला. कारखानदारीचा आपल्या पट्ट्याला अभिमान असतो, पण हे जरा जास्तच झालं. या नशेला गर्दसारखी बदली गोळी नाही. आत आल्यावर पहिले काही दिवस पोरगं नुसतं झोपतं, मग उदास होतं, आणि त्या उदासीत जिवाचं काही करून घेण्याची भीती असते. लागते ती झोप, नजर आणि कुणीतरी बोलणारं. हजारोंच्या तुरुंगात या तिन्हींची टंचाई.

७. आत ज्याचं ऐकलं जाईल त्यालाच आत सोडत नाहीत. समुपदेशक चांगले असतात, मानसशास्त्राची पदवी असते, पण समोरचा कैदी पहिल्या पाच मिनिटांत ओळखतो की या माणसाने कधी देशीच्या दुकानाबाहेर पहाटे दार उघडायची वाट पाहिलेली नाही. तशी वाट पाहिलेला माणूस बोलला की बराक गप्प होते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचं तंत्र हेच. १९३५ मध्ये दोन दारुड्यांनी एकमेकांशी बोलून ते सुरू केलं आणि १९४२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सॅन क्वेंटिन तुरुंगात त्यांची बैठक भरू लागली. मुक्तांगणमध्येही पूर्वी रुग्ण म्हणून आलेले कित्येक जण आज कार्यकर्ते आहेत. पण अशा माणसाच्या नावावर कधीकाळची एखादी केस असते, आणि प्रवेशाच्या अर्जात तोच रकाना आडवा येतो. माझ्या ओळखीचे एक काका, ज्यांनी दारू सोडल्यावर मुलांची लग्नंही झाली, या रकान्यापाशी अडकले. मी मात्र आजवर एक थेंब न घेतलेला आणि या विषयातलं शून्य कळणारा, काळा कोट घालून आत जाऊन येतो.

८. घरच्यांना जामीन हवाच असतो, असं धरून चालू नये. काळेवाडीतल्या एका बाई माझ्याकडे आल्या. पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीत घरकामं करतात. नवरा आत, दारू पिऊन केलेल्या मारहाणीत. मी उत्साहाने म्हटलं, ‘ताई, काळजी नको, शुक्रवारी अर्ज लावतो.’

‘घाई करू नका साहेब,’ त्या म्हणाल्या. ‘पोरं रात्रीची झोपायला लागलीत.’

मी त्यांना वकिली भाषेत समजावलं की माझा अशील त्यांचा नवरा आहे, त्या नाहीत. त्याला जामीन हवा असेल तर मला मागावाच लागेल, एखाद्याला आत ठेवणं हे काही औषध नव्हे. सगळं बरोबर होतं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘जामीनदार कोण आहे?’

घरपट्टीची पावती असलेला जामीनदार त्यांचा भाऊ होता. बहिणीने सांगितल्याशिवाय तो न्यायालयाची पायरी चढणार नव्हता. एवढ्या वर्षांच्या वकिलीत मला इतका बिनतोड मुद्दा समोरच्या सरकारी वकिलानेही कधी घातला नव्हता.

मग आम्ही बसून बोललो. मुक्तांगणमध्ये व्यसनींच्या बायकांची ‘सहचरी’ नावाची बैठक होते, तिथे त्या जाऊन आल्या. परत आल्या त्या माझ्यापेक्षा जास्त माहिती घेऊन. नवऱ्याला मी आत भेटलो, त्याला दोन्ही गोष्टी सांगितल्या, बायकोची अट आणि त्याचा हक्क. तो बराच वेळ चपलेचा अंगठा खाजवत बसला, मग म्हणाला, ‘जातो साहेब, पण जेलमधून थेट. घरी गेलो तर नाही जाणार.’ एवढं स्वतःविषयी खरं बोलणारा अशील विरळा.

तेव्हापासून मी जामिनाचा अर्ज लावण्याआधी केंद्राला फोन करतो. खाट कधी रिकामी होणार ते विचारायचं, मग अशिलाची संमती घेऊन तारखेचा मेळ घालायचा, अर्जात ‘सुटकेनंतर थेट दाखल होईल’ असं लिहायचं, आणि गेटवर घ्यायला कोण येणार ते नावानिशी ठरवायचं. ताफा नको, एक मेहुणा पुरे. हे सगळं जुळवणं कुठल्याही कलमापेक्षा किचकट निघालं. त्या वेळी खाट सोमवारी मिळणार होती. न्यायालयातला कारकून, केंद्र, मेहुणा, सगळे सोमवारला तयार झाले, आणि मी विजयी मुद्रेने बाईंना फोन केला.

‘सोमवारी माझी सुट्टी नाही होत,’ त्या म्हणाल्या. ‘मॅडमकडे पाहुणे आहेत. मंगळवार करा.’